पुलाचा खर्च कोणत्या खात्यावर?

 २९ सप्टेंबर २०१७ रोजी शुक्रवार होता आणि दुसऱ्या दिवशी दसरा. सकाळी साडेदहाच्या सुमारास पावसाची जोरदार सर आली. परळ आणि एल्फिन्स्टन रोड या दोन स्थानकांना जोडणाऱ्या पुलावर माणसे आडोशाला थांबली, मागून लोकल येत राहिल्या आणि अरुंद जिन्यात २३ जण चेंगरून मेले. एवढे मुंबईत सगळ्यांनाच ठाऊक आहे. त्यानंतरच्या चोवीस तासांत रेल्वेच्या हिशेबात एक बदल झाला, तो मात्र फारसा कुणाच्या लक्षात राहिला नाही. आम्हाला तोच आठवतो.

दुसऱ्या दिवशी तत्कालीन रेल्वेमंत्री पीयूष गोयल यांनी मुंबईत अधिकाऱ्यांची बैठक घेतली आणि जाहीर केले, की यापुढे पादचारी पूल ही ‘प्रवासी सुविधा’ धरली जाणार नाही, ती अनिवार्य बाब असेल. तोवरचा रिवाज असा होता, की स्थानकावरचा पहिला पूल आवश्यक. दुसरा, तिसरा म्हणजे सुविधा. रेल्वेच्या अंदाजपत्रकात सुविधांचे शीर्ष वेगळे आहे, ५३ क्रमांकाचे. फलाटावरची बाके, पाण्याचे नळ, छपरे, पंखे हे सगळे त्या शीर्षाखाली मोडते. गिरण्या गेल्या, काचेच्या इमारती आल्या, परळला उतरणारी गर्दी वर्षागणिक वाढत गेली, तरी कागदावर परळचा जादा पूल बाकांच्या आणि पंख्यांच्या पंगतीतच बसलेला होता. तो तिथून उठला, पण त्यासाठी २३ माणसे जावी लागली.

पूल कुणी मागितला नव्हता असे नाही. दक्षिण मुंबईचे खासदार अरविंद सावंत आणि दक्षिण-मध्य मुंबईचे त्या वेळचे खासदार राहुल शेवाळे, दोघांनीही रेल्वेमंत्र्यांना पत्रे लिहिली होती. सावंत यांच्या पत्राला रेल्वेमंत्री सुरेश प्रभू यांच्याकडून निधीची चणचण असल्याचे उत्तर आले होते, हे दुर्घटनेनंतर सगळ्या वर्तमानपत्रांत छापून आले. मंजुरी कागदावर होती, काम उभे राहिले नव्हते. पुढे तिथे नवा पूल लष्कराच्या अभियंत्यांनी बांधला. करी रोड आणि आंबिवलीच्या पुलांसह २७ फेब्रुवारी २०१८ रोजी तो खुला झाला. घोषणेपासून चार महिन्यांच्या आत. म्हणजे लोखंड होते, कारागीर होते, जागाही होती. वर्षानुवर्षे अडले होते ते पैसा कुठल्या शीर्षाखालून काढायचा आणि कुणी काढायचा, इतक्यावर.

या शहरातल्या प्रवासी चळवळीने हा धडा घ्यायला हवा होता. तो घेतला गेला नाही, असे आमचे स्पष्ट मत आहे. दुर्घटनेनंतर सहाव्या दिवशी, ५ ऑक्टोबरला, मनसेचा मोठा मोर्चा चर्चगेटला गेला. राग खरा होता, गर्दीही खरी होती. पण भाषणाचा रोख फेरीवाल्यांकडे वळला आणि त्यांना हटवायला पंधरा दिवसांची मुदत देऊन मोर्चा पांगला. पुलाखाली टोपल्या मांडून बसणाऱ्या बाईचा दोष शोधणे सोपे असते, कारण ती समोर दिसते. शीर्ष ५३ दिसत नाही. त्यामुळे पैशाचा प्रश्न त्या दिवशी फेरीवाल्यांचा प्रश्न होऊन बसला आणि पुढचे काही महिने शहर त्यावरच भांडत राहिले.

प्रवाशांच्या संघटनांना कमी लेखण्याचा आमचा हेतू नाही. या शहरात लोकलला जे थोडे माणूसपण आहे, ते बहुतेक भांडूनच मिळालेले आहे. नोकरदार बायकांची कुचंबणा वर्षानुवर्षे मांडली गेली, तेव्हा ५ मे १९९२ रोजी चर्चगेटहून बोरिवलीला पहिली महिला विशेष लोकल सुटली. घाटकोपरच्या २०१४ मधल्या अपघातानंतर फलाट आणि डबा यांच्यातली पोकळी उच्च न्यायालयात गेली आणि फलाटांची उंची वाढू लागली. स्थानकांवर तातडीच्या उपचारांचे कक्ष आले, तेही याचिकेच्या रेट्याने. जून २०१४ मध्ये भाडेवाढीसोबत मासिक पासाचा हिशेब पंधराऐवजी तीस फेऱ्यांवर नेण्याचे ठरले होते, म्हणजे पास जवळजवळ दुप्पट झाला असता. मुंबईत असा गहजब झाला, की चार दिवसांत निर्णय मागे गेला. ऑक्टोबरात विधानसभेची निवडणूक होती, हेही विसरू नये.

पण या यादीकडे नीट पाहिले की एक गोष्ट जाणवते. आपण गाडी मागितली, डबा मागितला, फलाट मागितला, पासाची वाढ रोखली. यातले काही न्यायालयाच्या हातून आले, काही निवडणुकीच्या भीतीने. अंदाजपत्रकातली तरतूद मागायला आपण क्वचितच गेलो. निवेदन घेऊन विभागीय व्यवस्थापकाकडे जायचे, चहा घ्यायचा, ‘प्रस्ताव वर पाठवला आहे’ हे ऐकून परत यायचे, ही आपली रीत. तो अधिकारीही खोटे बोलत नसतो. प्रस्ताव खरोखरच वर गेलेला असतो. वर म्हणजे कुठे, हे आपण विचारत नाही.

ज्याला पैसा लागत नाही, ते मात्र झटपट होते. एल्फिन्स्टन रोडचे प्रभादेवी जुलै २०१८ मध्ये झाले. दादरला मध्य आणि पश्चिम रेल्वेच्या फलाटांचे क्रमांक सलग १ ते १४ झाले डिसेंबर २०२३ मध्ये. त्यामुळे चुकामूक थोडी कमी झाली, हे मान्य. मार्च २०२४ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने आणखी स्थानकांच्या नावांचा ठराव केला: करी रोडचे लालबाग, चर्नी रोडचे गिरगाव, कॉटन ग्रीनचे काळाचौकी, मुंबई सेंट्रलचे नाना जगन्नाथ शंकरशेठ. नावांवर आमचा आक्षेप नाही. करी रोडला लालबाग म्हटलेले लालबागकराला आवडेलच. फक्त संध्याकाळी सहा वाजता त्या स्थानकाच्या पुलावर उभा राहिलेला माणूस पाटीवर काय लिहिले आहे हे वाचण्याच्या स्थितीत नसतो.

नानांचे नाव आलेच आहे, तर त्यांच्या काळातला हिशेबही पाहू. गिरगावातल्या या शेटजींनी सर जमशेटजी जीजीभॉय यांच्यासह रेल्वेसाठी खटपट केली, ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे कंपनीच्या पहिल्या हिंदी संचालकांत ते होते, आणि १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला १४ डब्यांची गाडी गेली. हे शाळेत शिकवतात. शाळेत शिकवत नाहीत ते १८४९ च्या कराराबद्दल. त्यात कंपनीच्या भागधारकांना भांडवलावर पाच टक्के परताव्याची हमी दिलेली होती. कमाई कमी पडली तर तूट हिंदुस्थानच्या महसुलातून भरायची. म्हणजे या देशात रेल्वे पहिल्या दिवसापासून सरकारी पैशावर चालली. तेव्हा तो पैसा लंडनच्या भागधारकाला निश्चिंत ठेवण्यासाठी होता. आज तोच पैसा डोंबिवलीच्या पासधारकाला मिळतो, तर त्याच्या तिकिटावर छापले जाते, की तुमच्या प्रवासाच्या खर्चापैकी रेल्वेला सरासरी ५७ टक्केच वसूल होतात. २०१६ पासून ही ओळ तिकिटावर दिसू लागली. रस्त्यावरच्या खांबावर, उड्डाणपुलावर किंवा बोगद्याच्या तोंडाशी अशी ओळ कुणी पाहिली आहे काय?

बोगद्याचेच बोलू. गिरगाव चौपाटीजवळ समुद्रकिनारी रस्त्याचे जुळे बोगदे सुरू होतात आणि मलबार हिलखालून प्रियदर्शिनी पार्कपाशी वर येतात. मरीन ड्राइव्ह ते वरळी हा सगळा रस्ता १०.५८ किलोमीटरचा. महापालिकेने त्यावर बारा हजार कोटींहून अधिक रुपये घातले आणि टोल लावला नाही. आता मुंबई नागरी वाहतूक प्रकल्पाचा तिसरा टप्पा पाहा, ज्याला सगळे एमयूटीपी-३ म्हणतात. पनवेल-कर्जत उपनगरी मार्ग, ऐरोली-कळवा जोडमार्ग, विरार-डहाणू चौपदरीकरण, ४७ नव्या गाड्या, रूळ ओलांडणे थांबवण्याची कामे, असे सगळे मिळून डिसेंबर २०१६ मध्ये मंजूर झालेली किंमत १०,९४७ कोटी. एका रस्त्याहून कमी. हा टप्पा अजून पुरता हाती आलेला नाही. समुद्रकिनारी रस्त्यावरून हाजीअलीला दहा मिनिटांत पोचणाऱ्याचा आम्हाला हेवा नाही, पण त्याच्या दर फेरीला महापालिका किती सवलत देते, याचा आकडा कधी कुणी काढला नाही, आणि रेल्वे प्रवासातल्या सवलतीचा आकडा संसदेत दरवर्षी सांगितला जातो. मार्च २०२५ मध्ये रेल्वेमंत्री अश्विनी वैष्णव यांनी सांगितला तो असा: एका प्रवाशाला एक किलोमीटर नेण्याचा खर्च १ रुपया ३८ पैसे, त्यातले वसूल होतात ७३ पैसे.

या हिशेबाला रेल्वेच्या बाजूने उत्तर आहे, आणि ते खोटे नाही. मालवाहतुकीच्या कमाईतून प्रवासी गाड्यांची तूट भरून निघते. कोळसा आणि सिमेंट जास्त भाडे देतात म्हणून लोकलचा पास स्वस्त राहतो. अशा खात्यात उपनगरी सेवा म्हणजे घरातले न कमावते पोर. त्याला जेवायला मिळते, पण मागून. याचा अर्थ इतकाच, की दिवसाला सत्तर लाखांच्या आसपास माणसे नेणाऱ्या सेवेचा भार मालगाडीच्या नफ्यावर टाकून चालणार नाही. शहर, राज्य आणि केंद्र यांनी तो उघडपणे, ठरलेल्या प्रमाणात उचलला पाहिजे.

कागदावर तशी सोय १९९९ पासून आहे. त्या वर्षी मुंबई रेल्वे विकास महामंडळ स्थापन झाले, त्यात रेल्वेचा वाटा ५१ टक्के आणि महाराष्ट्राचा ४९. प्रकल्पांचा खर्च निम्मा-निम्मा. कल्पना उत्तम होती. पण निम्म्या-निम्म्या वाट्यात एक खोड असते: दोघांपैकी जो हात आखडता घेईल, त्याच्या वेगाने काम चालते. राज्याने आपला हिस्सा थकवल्याच्या बातम्या अधूनमधून येतात, मग केंद्राची तरतूदही बारीक होते, आणि विचारायला गेलात तर दोघेही एकमेकांकडे बोट दाखवतात. कुर्ला ते सीएसएमटी पाचवी-सहावी मार्गिका हे त्याचे नमुनेदार उदाहरण. लांबी १७.५ किलोमीटर. मंजुरी २००८ मधली. ती झाली, की लांब पल्ल्याच्या गाड्या लोकलच्या वाटेतून बाजूला होतात आणि लोकलच्या फेऱ्या वाढवता येतात. त्यातला परळ टर्मिनस मार्च २०१९ मध्ये मिळाला, परळच्या माणसाला रिकाम्या गाडीत चढण्याचे सुख लाभले. पण परळच्या पुढे भायखळ्याकडे मार्गिका अजून कागदावरच आहे. ठाणे-दिवा या छोट्या टप्प्यालाही २००८ ते २०२२ असा काळ लागला.

या विलंबाची किंमत कोण देते, हे ९ जून २०२५ रोजी पुन्हा दिसले. दिवा आणि मुंब्रा यांच्या मधल्या वळणावर दोन लोकल एकमेकींशेजारून गेल्या, दारात लटकलेले प्रवासी एकमेकांवर घासले गेले, चार जण त्याच दिवशी गेले. त्यावर रेल्वेने जाहीर केले, की नव्या साध्या लोकलनाही आपोआप बंद होणारे दरवाजे बसवू. दरवाजे बसोत. पण दार बंद झाल्याने आत जागा होत नाही. फलाटावर राहिलेल्या माणसांचे काय करायचे, हा प्रश्न गाड्यांचा आणि रुळांचा आहे, म्हणजे पुन्हा पैशाचा. उपनगरी मार्गांवर २०२३ या एका वर्षात २,५९० माणसे मेली. जून २०२४ मध्ये हे प्रकरण उच्च न्यायालयापुढे आले, तेव्हा मुख्य न्यायमूर्ती देवेंद्र उपाध्याय आणि न्यायमूर्ती अमित बोरकर यांच्या खंडपीठाने प्रवाशांना गुराढोरांसारखे न्यावे लागते याची शरम वाटते, अशा शब्दांत संताप व्यक्त केला. न्यायालय शरम व्यक्त करू शकते, जाब विचारू शकते; पैसा मंजूर करणे हे त्याचे काम नाही.

‘पैसा नाही’ हे प्रभूंचे २०१६ चे उत्तर आज चालणारही नाही. २०२५-२६ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात रेल्वेच्या भांडवली कामांसाठी २ लाख ५२ हजार कोटी रुपये होते. महाराष्ट्राच्या वाट्याला २३,७७८ कोटी. रेल्वे हा आकडा मोठ्या अभिमानाने सांगते, आणि २००९ ते २०१४ या काळातल्या सरासरी ११७१ कोटींशी तुलना केली तर अभिमान रास्त आहे. पण मुंबईच्या एमयूटीपीसाठी केंद्राने ठेवलेली रक्कम पाचशे कोटींच्या आसपास होती, तेवढीच राज्याने घालायची. ती या मोठ्या आकड्याशेजारी ठेवून पाहावी. शंभरातले दोन रुपये. म्हणजे पैसा आला आहे, फक्त तो दुसऱ्या फलाटावर थांबतो.

हे आपल्या ध्यानात का येत नाही? एक कारण असे, की ते बघण्याचा दिवसच गेला. १९२४ पासून रेल्वेचे अंदाजपत्रक स्वतंत्र मांडले जात होते. २०१७ मध्ये, म्हणजे एल्फिन्स्टनच्याच वर्षी, ते सर्वसाधारण अर्थसंकल्पात विलीन झाले. जुन्या रेल्वे अर्थसंकल्पाचे आम्हाला कौतुक नाही. रेल्वेमंत्र्याच्या गावाला नवी गाडी, मित्रपक्षाच्या खासदाराला थांबा, बाकीच्यांना सर्वेक्षण, असा तो वाटपाचा सोहळा असे आणि त्यातल्या कित्येक गाड्या कधी सुटल्याच नाहीत. तरी त्या दिवशी ‘मुंबईला काय मिळाले’ हा मथळा मराठी वर्तमानपत्रांना टाळता येत नसे. लोकलच्या डब्यात त्यावर दोन स्टेशने वाद होई. आता अर्थमंत्र्यांच्या भाषणात रेल्वेची काही वाक्ये येतात आणि तपशील नंतर रेल्वे मंडळाच्या संकेतस्थळावर येतो, ज्याला पिंक बुक म्हणतात. त्यात प्रत्येक कामापुढे मूळ किंमत, आजवरचा खर्च आणि यंदाची तरतूद असते. काही कामांपुढे तरतूद असते एक हजार रुपये. काम मेलेले नाही एवढेच सांगण्यासाठी ठेवलेला हा आकडा. सभेत मात्र ‘अर्थसंकल्पात तरतूद झाली’ असे सांगता येते, आणि ते खोटेही नसते.

असले आकडे वाचणे हे चार्टर्ड अकाउंटंटचे काम, असे मानून आपण सोडून देतो. महाराष्ट्रात तरी ही सबब शोभत नाही. सोलापूरच्या शाळेतले मुख्याध्यापक गणेश व्यंकटेश जोशी सरकारी जमाखर्चाची पाने उलगडून दाखवत, आणि त्यांच्या शिकवणीतून तयार झालेले गोपाळ कृष्ण गोखले २६ मार्च १९०२ रोजी कौन्सिलात अर्थसंकल्पावर पहिल्यांदा बोलायला उभे राहिले, तेव्हा सरकारची शिल्लक म्हणजे जनतेवरचा जादा कर आहे, हे त्यांनी सरकारच्याच आकड्यांवरून सिद्ध केले. रेल्वेवर वाहणारा पैसा शिक्षण आणि आरोग्याच्या तोंडचा घास काढतो, ही त्यांची तक्रार होती. आजचा प्रश्न उलटा आहे, पद्धत तीच लागणार. आणि लालबाग-परळला ती अनोळखी कशी असेल? इथल्या प्रत्येक गणेशोत्सव मंडळाच्या सर्वसाधारण सभेत मंडपाच्या बिलातला फरक नेमका पकडणारा एक गृहस्थ असतोच. कार्यकर्ते त्याला टाळतात, पण अहवाल छापताना घाबरतात त्यालाच. प्रवासी संघटनांना आज नेत्यापेक्षा या गृहस्थाची गरज जास्त आहे.

याच भागातल्या माणसाला आणखी एक हिशेब आयुष्यभर द्यावा लागला आहे. गिरणगावातला बहुसंख्य कामगार कोकणातला. नाथ पै, मधू दंडवते यांनी कोकण रेल्वेचा ध्यास घेतला, जॉर्ज फर्नांडिस रेल्वेमंत्री असताना महामंडळाची वाट मोकळी झाली, १९ जुलै १९९० रोजी ते स्थापन झाले, ई. श्रीधरन यांनी ते काम तडीला नेले, आणि २६ जानेवारी १९९८ पासून ७४१ किलोमीटरची वाट धावू लागली. हे सगळे अभिमानाचे. पण देशातल्या इतर मार्गांसारखा या मार्गाला अंदाजपत्रकातून पैसा मिळाला नाही. रेल्वे आणि चार राज्यांनी भागभांडवल घातले, त्यात महाराष्ट्राचे २२ टक्के, आणि उरलेले रोखे काढून उभे केले. ते कर्ज फेडायचे म्हणून या मार्गावर भाडे आकारताना अंतर चाळीस टक्के वाढवून धरण्याची पद्धत आली. शंभर किलोमीटरला एकशे चाळीसचे पैसे. गणपतीला गावी जाणारा चाकरमानी पंचवीस-तीस वर्षे हे भरत आला आणि त्यातल्या कितीजणांना ते माहीत आहे, कोण जाणे.

२०२५ मध्ये गणपतीसाठी ३८० विशेष फेऱ्या सोडल्या, हा विक्रम म्हणून जाहीर झाला. सोबत कोलाडहून वेर्णापर्यंत मोटारी गाडीवर लादून नेण्याची योजनाही आली, एका मोटारीला ७,८७५ रुपये. तिला थंडा प्रतिसाद मिळाला. आश्चर्य नाही, लालबागच्या खोलीतल्या माणसाला मोटार न्यायची नव्हती, स्वतः जायचे होते. त्याची साधी गाडी म्हणजे दादर-रत्नागिरी पॅसेंजर. करोनानंतर ती दादरला आलीच नाही, दिव्याहूनच सुटते. तेव्हा सामान, पोरे आणि म्हातारी आई घेऊन आधी दिव्याची लोकल पकडायची. ही गाडी दादरला परत आणा म्हणून कोकणातल्या प्रवासी संघटना निवेदने देत आहेत आणि उत्तर येते, की मार्गावर जागा नाही. जागा नाही, कारण पाचवी-सहावी मार्गिका नाही. म्हणजे परळच्या लोकलवाल्याचा आणि रत्नागिरीच्या पॅसेंजरवाल्याचा प्रश्न एकाच कामाशी येऊन थांबतो, पण निवेदने दोन वेगवेगळ्या दारांत पडतात.

कोकण रेल्वे भारतीय रेल्वेत विलीन करायला महाराष्ट्राने मे २०२५ मध्ये संमती दिली. अटी दोन घातल्या: कोकण रेल्वे हे नाव राहावे आणि राज्याने घातलेले ३९६ कोटी ५४ लाख रुपये परत मिळावेत. नावाची अट घातली, सरकारी तिजोरीतल्या पैशाची घातली. चाळीस टक्के वाढीव अंतर पहिल्या दिवसापासून रद्द व्हावे, ही तिसरी अट घालायला हरकत नव्हती. ती अजूनही घालता येईल.

मग जास्तीचा पैसा आणायचा कुठून, असा प्रश्न येईल. या परिसरातच उत्तर आहे. १८ जानेवारी १९८२ ला गिरणी संप सुरू झाला, गिरण्या हळूहळू बंद पडल्या. भोंगा झाला की चालत कामावर जाणारा माणूस चाळ विकून कल्याण-विरारला गेला आणि त्याच जागेवर उभ्या राहिलेल्या कचेऱ्यांत त्याची मुले लोकलने येऊ लागली. १९९१ च्या विकास नियमावलीत गिरणीच्या जमिनीचे तीन वाटे सांगितले होते: मोकळ्या जागांसाठी महापालिकेला, घरांसाठी म्हाडाला, आणि मालकाला. २००१ मधल्या दुरुस्तीने पहिले दोन वाटे आकसले आणि २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती दुरुस्ती कायम ठेवली. त्या वादात बरेच काही लिहिले गेले. पण तिन्ही वाट्यांत रेल्वे स्थानक कुठेच नव्हते, हे त्या वेळी कुणाला खटकले नाही, आम्हालाही नाही. लोअर परळच्या चौरस फुटाला भाव आला तो दोन रेल्वेमार्ग चालण्याच्या अंतरावर होते म्हणून. त्या भावातला एक अंशही पुलापर्यंत पोचावा अशी तरतूद नव्हती.

पॅरिसमध्ये १९७१ पासून कंपन्यांना नोकरांच्या पगाराच्या प्रमाणात वाहतुकीसाठी कर द्यावा लागतो, कारण माणसे रोज कामावर पोचतात याचा फायदा कंपनीलाही होतो. ही कल्पना आपल्याला परकी वाटायचे कारण नाही. १९७५ मध्ये महाराष्ट्राने शहरातल्या पगारदारांवर व्यवसाय कर बसवला तो गावाकडच्या रोजगार हमी योजनेसाठी, आणि मुंबईकराने तो कुरकुर न करता भरला. आज मुंबईत घर घेताना मुद्रांक शुल्कावर एक टक्का अधिभार मेट्रोसाठी द्यावा लागतो. मेट्रोसाठी चालतो तो लोकलसाठी का चालू नये? गिरणगावातल्या मोठ्या कचेऱ्यांवर त्यांच्या जागेच्या प्रमाणात उपनगरी रेल्वे अधिभार बसवावा, तो वेगळ्या निधीत ठेवावा आणि राज्याचा एमयूटीपीतला हिस्सा त्यातून वेळच्या वेळी द्यावा. पासधारकावर आणखी बोजा नको. एमयूटीपीचा अधिभार त्याच्या तिकिटात आधीपासून आहेच.

 २०२५-२६ मध्ये ७४,४२७ कोटींचे अंदाजपत्रक मांडणारी मुंबई महापालिका लोकलचा विषय निघाला की तो केंद्राचा म्हणून हात झटकते. १९१३ मध्ये बांधलेला प्रभादेवीचा रस्तापूल १२ सप्टेंबर २०२५ रोजी पाडण्यासाठी बंद झाला. त्या जागी अटल सेतूवरून येणाऱ्या मोटारींना वरळीपर्यंत नेणारा दुमजली पूल होणार आहे. केईएम आणि टाटा रुग्णालयाकडे चालत जाणाऱ्या रुग्णांच्या नातेवाइकांचा सगळा भार आता स्थानकाच्या पादचारी पुलांवर आला आहे, त्याच दोन स्थानकांच्या. दुमजली पुलाच्या पैशाची अडचण कुणी सांगितलेली नाही. मत मागायला येणाऱ्याला वॉर्डातल्या गटाराबरोबर हेही विचारावे: तुमची महापालिका, तुमचा पक्ष ज्या सरकारात आहे ते सरकार, लोकलसाठी यंदा किती देणार आणि कोणत्या महिन्यात?

१ फेब्रुवारीला पुढचा अर्थसंकल्प येईल आणि त्यामागोमाग पिंक बुक. त्यात कुर्ला-सीएसएमटी मार्गिकेपुढे यंदाची तरतूद काय, एमयूटीपी-३ आणि ३-अ पुढे काय, आणि मार्चमध्ये राज्याच्या अर्थसंकल्पात त्याला जोडून किती ठेवले, हे आकडे शोधायला एक संध्याकाळ पुरते. दादर, परळ, करी रोड, चिंचपोकळी, भायखळा या प्रत्येक स्थानकाबाहेर कुठल्या ना कुठल्या मंडळाचा किंवा शाखेचा फळा आहे. त्यावर वाढदिवसाच्या शुभेच्छांच्या शेजारी हे तीन आकडे आणि त्याखाली गेल्या वर्षीचे तीन आकडे खडूने लिहावेत, आणि ऑगस्टमध्ये प्रत्यक्ष खर्च किती झाला हे माहितीच्या अधिकारात मागवून चौथी ओळ घालावी.